हातात काठी, पायाशी बॅटरी: कयाक आणि कनूवर ट्रोलिंग मोटर कशी बसवावी, कशी वापरावी

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी. तिच्यावरून गळ टाकणाऱ्याला दोन हात कमी पडतात. वल्हं धरावं तर काठी सुटते, काठी धरावी तर वारा कयाकला भलतीकडे नेतो. धरणावर दहाच्या सुमारास वारा उठला की मोक्याच्या जागेवर पाच मिनिटंसुद्धा टिकता येत नाही. दोन वेळा ल्युअर (खोटं आमिष) फेकायचं, दहा वल्ही मारून परत जागेवर यायचं, आणि तोवर मासा सावध झालेला असतो. ही अडचण छोटी इलेक्ट्रिक मोटर, म्हणजेच ट्रोलिंग मोटर, सोडवते. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात, फार्गो गावी १९३४ साली मिन कोटा ही कंपनी याच कामासाठी सुरू झाली. तेव्हापासून मोटरीचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही: पाण्याखाली पंखा आणि मोटर, वर दांडा, दांड्याच्या डोक्यावर वेगाचं बटण आणि हँडल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ही मोटर कयाकला पळवण्यासाठी घ्यायची नाही. हळू, एका लयीत, आवाज न करता पुढे सरकता यावं आणि वाऱ्यात जागा धरून राहता यावं, एवढ्यासाठी ती घ्यायची. हे मनात ठेवलं की मोटर, बॅटरी आणि तार यांची निवड आपोआप लहान, हलकी आणि स्वस्त होत जाते. मी स्वतः उलटं केलं होतं. आधी ५५ पौंड जोराची मोटर आणि शिशाची मोठी बॅटरी घेतली. धरणाच्या उतारावरून ती पाण्यापर्यंत न्यायला दोन माणसं लागायची, आणि कयाकचं मागचं टोक पाण्यात इतकं बसायचं की वळताना मागून पाणी आत यायचं. आता त्याच कयाकवर ३० पौंडी मोटर आहे, आणि मासे तेव्हापेक्षा जास्त लागतात.

पाणी आणि परवानगी

आपल्याकडच्या बहुतेक धरणांत मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठी घेऊन उतरण्याआधी त्या संस्थेच्या माणसाला भेटा, पावती असेल तर फाडा आणि जलसंपदा विभागाच्या चौकीवर विचारा. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उपसा करणाऱ्या विहिरींच्या जवळ जायचंच नाही. काही जलाशय अभयारण्याच्या हद्दीत येतात. कोयनेचा शिवसागर आणि तानसा ही त्यातली नावं. तिथे कयाक नेण्याचा विचारही करू नका. चिपळूणजवळ वाशिष्ठीत आणि सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत. पाण्याला टेकून बसणाऱ्या कयाकसाठी त्या जागा नव्हेत.

स्थानिक मच्छीमाराशी ओळख झाली की परवानगीच्या पलीकडचंही बरंच कळतं. जाळी कुठे लावली आहेत, पाण्याखाली झाडांची खोडं कुठे आहेत, दुपारचा वारा कोणत्या खिंडीतून येतो, हे नकाशात सापडत नाही.

किती पौंडांची मोटर?

मोटरीचा जोर ‘पौंड थ्रस्ट’मध्ये सांगतात. ढोबळ हिशेब असा: माणूस, सामान आणि कयाक मिळून होणाऱ्या दर ४५ किलोमागे २ पौंड. कयाक ३५ किलो, तुम्ही ७५, मोटर ८, बॅटरी ६, बाकी सामान १० असं धरलं तर एकूण १३४ किलो, म्हणजे जेमतेम ६ पौंड. वारा आणि प्रवाह यांच्यासाठी चार-पाच पट राखीव ठेवला तरी ३० पौंड पुरतात. दोन माणसांच्या, १५-१६ फुटी कनूला (वरून उघड्या, लांबट होडीला) ३० ते ४५ ठीक. ५५ च्या वरच्या मोटरी बहुधा २४ व्होल्टच्या, म्हणजे दोन बॅटऱ्या आल्या. त्या आपल्या कामाच्या नाहीत.

जोर वाढवला म्हणून वेग त्या प्रमाणात वाढत नाही. प्रत्येक होडीला तिच्या पाण्यातल्या लांबीनुसार एक वेगमर्यादा असते. १२ फुटी कयाकसाठी ती ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येते. तिच्या जवळ जाऊ लागलं की कयाक स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि वीज नुसती लाट उठवण्यात जाते.

खरेदी करताना पौंडांपेक्षा वेग-नियंत्रणाचा प्रकार आधी विचारा. स्वस्त मोटरींना पाच पुढचे आणि तीन मागचे ठरलेले वेग असतात. त्यात कमी वेगावर उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. दुसरा प्रकार सलग फिरणाऱ्या बटणाचा. तो वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतो, त्यामुळे हळू चालताना बॅटरी खरोखर वाचते. आपण सगळा वेळ हळूच चालणार, म्हणून पैसे इथे घालावेत.

दांड्याची लांबी कयाकसाठी २४ ते ३० इंच पुरते. बाजारात ३६ इंची सहज मिळते. तीही चालते, पण उथळ पाण्यात जास्त वेळा वर उचलावी लागते. पंख्याच्या वरच्या टोकावर वीतभर पाणी राहिलं पाहिजे. त्याहून कमी राहिलं तर पंखा हवा ओढतो, खळखळ आवाज येतो आणि जोर जातो. खाडीत उतरायचं असेल तर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच मोटर घ्या. गोड्या पाण्याची मोटर खाडीत एका हंगामात गंजायला लागते.

बॅटरी

गाडीची बॅटरी काही सेकंद भरपूर वीज देण्यासाठी बनवलेली असते. ती रोज खोलवर रिकामी केली तर लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोल वापर सोसते, पण तिचं वजन ५० किलोच्या पुढे जातं आणि कयाक कलली की आम्ल सांडतं. या दोन्ही विसरा.

राहिले दोन पर्याय. एक म्हणजे शिशाची बंद, डीप सायकल (खोल वापर सोसणारी) बॅटरी: १०० अँपिअर-तासांची असेल तर वजन २५ ते ३० किलो, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. दुसरा, लिथियम आयर्न फॉस्फेट: तेवढ्याच क्षमतेला १० ते १२ किलो, आणि ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरा. किंमत जास्त, पण कयाकवर वाचलेले पंधरा किलो म्हणजे तरंगण्याची सुरक्षितता आहे. मी ५० अँपिअर-तासांची लिथियम वापरतो.

हल्ली ई-रिक्षाच्या सेलपासून चार सेलचा, १२.८ व्होल्टचा पॅक बनवून देणारे कारागीर पुण्या-मुंबईत भेटतात. त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर एकच प्रश्न नीट विचारा: आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सलग किती अँपिअर सोसतो? मोटर पूर्ण वेगात ३० अँपिअर ओढत असेल तर बीएमएस किमान ५० चा हवा. तो कमी पडला तर भर वाऱ्यात मोटर अचानक बंद पडते. चार्जरही लिथियमचाच हवा, १४.६ व्होल्टच्या पुढे न जाणारा. शिशाच्या बॅटरीचा ‘रिपेअर मोड’वाला चार्जर लिथियमला लावू नका.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. पाण्यात गेल्यावर स्वतःचा तक्ता बनवा. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये एक छोटं डीसी अँपिअर मीटर लावा, फोनवर जीपीएसचा वेग पाहा आणि वारा नसलेल्या सकाळी तीन-चार वेगांवर दोन्ही आकडे लिहून घ्या. माझे असे आले: ताशी ३ किलोमीटरला ४ अँपिअर, साडेचारला ११, सव्वासहाला २९. बॅटरीतले ४० अँपिअर-तास वापरायचे धरले, तर पहिल्या वेगाने दहा तास आणि ३० किलोमीटर, दुसऱ्याने साडेतीन तास आणि १६ किलोमीटर, तिसऱ्याने सव्वा तासाच्या थोडं पुढे आणि साडेआठ किलोमीटर. वेग दुप्पट केला की वीज सहा-सात पट लागते. हा तक्ता मी कयाकच्या आत, सीटसमोर पक्क्या शाईने लिहून ठेवला आहे. घाई सुचली की तिकडे बघतो.

तार, फ्यूज, जोड

बहुतेकांच्या मोटरी इथे फसतात. मोटर बरी असते, बॅटरी बरी असते आणि मध्ये घरच्या वायरिंगची उरलेली तार असते. हिशेब करून बघा. बॅटरीपासून मोटरीपर्यंत ३ मीटर, जाऊन-येऊन ६ मीटर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर ३० अँपिअरला सव्वा व्होल्ट तारेतच जिरतो आणि तार तापते. १० चौरस मिलिमीटरची घेतली तर हा तोटा ०.३ व्होल्टवर येतो. म्हणून १० ची, बारीक धाग्यांची लवचिक तांब्याची तार घ्या. ॲल्युमिनियम नको.

क्रम असा ठेवा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच सर्किट ब्रेकर किंवा फ्यूज. ३० पौंडी मोटरीला ५० अँपिअर, ५५ पौंडीला ६०; तरी मोटरीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो माना. ब्रेकर लांब ठेवला तर त्याच्या आधीची तार घासून शॉर्ट झाली तरी तिला तोडणारं काही नसतं, आणि कयाकवर आग लागली तर पळायला जागा नाही. ब्रेकरनंतर ५० अँपिअरचा, चुकीच्या बाजूने न बसणारा प्लग. हा प्लग फार महत्त्वाचा आहे. धन-ऋण एकदा उलटं लागलं की सलग बटणाच्या मोटरीचं सर्किट त्याच क्षणी जळतं. प्लग जोडताना आणि काढताना बटण शून्यावर असू द्या.

तारेच्या टोकांना लग (धातूची टोकं) दाबून बसवायचे, नुसतं पिळून गुंडाळायचं नाही. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी. बॅटरी झाकणाच्या खोक्यात, खाली पाणी साचलं तरी भिजणार नाही अशा उंचीवर आणि पट्ट्याने कयाकला घट्ट बांधलेली. कयाक उलटली तर बॅटरी तिथेच लटकून राहिली पाहिजे. शिशाची असेल तर खोक्याला हवेसाठी भोकं ठेवा, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

बसवणं: कयाक

मोटरीला उघड्या, वरून बसायच्या रुंद कयाक सोयीच्या. आत पाय घालून बसायच्या अरुंद कयाकवर मोटर लावू नका. उलटली तर त्या गुंतागुंतीतून बाहेर पडणं अवघड होतं. कयाकवर लिहिलेली वजनक्षमता असते, तिच्या दोन-तृतीयांशाच्या आत सगळं बसवा.

मोटर मागच्या टोकाला लावायची तर बॅटरी पुढे, पायांच्या पुढच्या खणात. दोन्ही मागे ठेवलं की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाते आणि वाऱ्याने पानासारखी फिरते. बाजूला, सीटच्या किंचित मागे आडवी पट्टी टाकून त्यावर मोटर लावणं हा सर्वांत सोपा प्रकार. हँडल हाताशी राहतं, पण वजन एका बाजूला पडतं, म्हणून बॅटरी दुसऱ्या बाजूला सरकवायची. भोक पाडायची वेळ आली तर आधी आत हात घालून पलीकडे काय आहे ते पाहा. आतून रुंद वॉशर, स्टेनलेसचे बोल्ट आणि मरीन सिलिकॉन, आणि सिलिकॉनला एक पूर्ण दिवस सुकू द्या.

बसवणं: कनू

दोन्ही टोकं निमुळती असलेल्या कनूला मागे मोटर अडकवायला सपाट जागा नसते. मागच्या बैठकीच्या लगेच मागे, दोन्ही काठांवर आडवी सागवानी फळी टाकायची, खाली रबर लावून क्लॅम्पने आवळायची आणि एका बाजूला बाहेर आलेल्या टोकावर मोटर अडकवायची. उजव्या हाताने काठी फेकणाऱ्यांनी मोटर डावीकडे घ्यावी. एकटेच असाल तर बॅटरी थेट पुढच्या टोकाला जाऊ द्या. हँडल आखूड पडलं तर पीव्हीसी नळीचा तुकडा बसवून लांब करता येतं.

कनूवर एक धोका कायम असतो. बाजूला लावलेली मोटर पूर्ण वेगात असताना हँडल झटक्यात काटकोनात फिरवलं, तर मोटर कनूला आडवं ढकलते आणि ती उलटते. वळायचं तर आधी वेग कमी करायचा, मग वळायचं. मालवणकडच्या होड्यांना बाजूला उलांडी असते, ती याच कलण्यावरचा जुना उपाय आहे. कनूला किंवा अरुंद कयाकला दोन्ही बाजूंनी छोटे फुगीर तरंगते लावता येतात. उभं राहून गळ टाकायचा असेल तर ते लावाच.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी काठी घरी ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात, सोबत एक माणूस घेऊन उतरा. मोटर आणि बॅटरी काढून कयाक मुद्दाम उलटी करा आणि परत वर चढण्याचा सराव करा. जे कमरेएवढ्या पाण्यात जमत नाही ते पन्नास फूट पाण्यात जमणार नाही. मग मोटर लावा, वजन बघा, पुढे-मागे, वळण, अचानक थांबणं करून बघा.

बंद करायची दोरी स्वतः बसवून घ्या. बऱ्याच ट्रोलिंग मोटरींना ती नसते. तुम्ही पाण्यात पडलात आणि मोटर चालू राहिली, तर कयाक चालण्याच्या वेगाने निघून जाते, आणि जॅकेट घालून तिला पोहत गाठता येत नाही. चुंबकाचं बटण आणि मनगटाला दोरी, एवढं पुरतं. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं. वल्हं दोरीने बांधून सोबत असलंच पाहिजे.

बॅटरीचे तीन भाग मनात करा: एक जायला, एक यायला, एक तसाच राखीव. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा पाठीशी असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पाण्यावर थांबू नका. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती बोट आपल्या कयाकपेक्षा कितीतरी मोठी होती. पश्चिमेला काळं दिसलं की काठ्या गुंडाळायच्या आणि जवळच्या काठाला लागायचं. मग तो काठ गाडीच्या विरुद्ध बाजूचा का असेना.

मासे धरताना

ताशी अडीच ते चार किलोमीटर हा ल्युअर ओढत नेण्याचा वेग. ३० मीटर दोर सोडा, काठी खोबणीत ठेवा आणि उतरत्या किनाऱ्याला समांतर, नागमोडी जा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं ल्युअर वेग घेतं, आतलं मंदावतं आणि खोल जातं. कोणत्या बाजूला झटका बसला हे लक्षात ठेवलं की त्या दिवशीचा वेग सापडतो. कटला असा लागणार नाही. त्याचं अन्न वेगळं. शिंगाळा आणि खाडीतला जिताडा हे शिकार करणारे मासे, त्यांच्यासाठी ही रीत. मरळीसाठी मात्र मोटर फक्त जवळ जाण्यापुरती. पाणवनस्पतींच्या वीस मीटर अलीकडे ती बंद करा आणि उरलेलं अंतर वल्ह्याने जा. पावसाळ्यात पिलांच्या लालसर थव्यावर राखण करणारी मरळ दिसली, तर तिला सोडून पुढे जा.

मासा मोटरीच्या सलग गुणगुणीला सरावतो, चालू-बंद-चालूला बिचकतो. म्हणून वाऱ्यात जागा धरायची तर वाऱ्याकडे तोंड करून अगदी कमी वेग सतत ठेवा. मासा लागला की पहिला हात बटणाकडे, ते शून्यावर, मग काठी. मासा कयाकखाली शिरला तर काठीचं टोक पाण्यात बुडवून दोर पंख्यापासून दूर न्या.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली गावं वर येतात. उजनीत पळसदेवचं मंदिर दिसू लागतं. मंदिर दिसतं, पण घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि बाभळीची खोडं पाण्याच्या हातभर खालीच राहतात. अशा जागी मोटर अर्धी वर उचलून, चालण्याच्या वेगाने जा. मासेही तिथेच असतात, म्हणून घाई करायचं कारण नाही.

जाळ्यांबद्दल मला फार वाटतं. थर्माकोलचे तुकडे, पाण्याच्या बाटल्या, जुन्या चपला एका ओळीत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. त्या दोन तुकड्यांमधून जाऊ नका, ओळीच्या टोकाला वळसा घाला. तरीही पंख्यात जाळं आलंच तर मोटर बंद करा, प्लग काढा, दांडा वर उचला आणि हाताने एकेक पीळ सोडवा. चाकू लावू नका. ते जाळं कुणाच्या तरी घरची चूल आहे. फाटलंच तर मालकाला शोधा, सांगा आणि भरपाई द्या. जलपर्णीतही हेच करा. तिच्यातून ढकलत गेलं की पंखा गच्च होतो, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते. थांबा, दोन सेकंद उलटी फिरवा, नाहीतर उचलून साफ करा.

खाडीत

खाडीत वाऱ्यापेक्षा पाण्याचा ओढा भारी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि अरुंद तोंडाशी ओहोटीचा वेग ३० पौंडी मोटरीला झेपत नाही. नवख्यांनी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस निवडावेत. उतरण्याची जागा खाडीच्या तोंडाकडे असेल तर भरतीबरोबर आत जा आणि ओहोटी लागल्यावर तिच्याबरोबर परत या. जागा आत असेल तर क्रम उलटा: ओहोटीबरोबर बाहेर, भरतीबरोबर घरी. मोटर बंद पडली तरी पाणी तुम्हाला घराकडे आणेल, असाच बेत हवा. तिवरांच्या कडेने सकाळच्या मतलई वाऱ्यात जिताडा आणि तांबोशी शोधा, खारे वारे जोर धरायच्या आत निघा. जून-जुलैमध्ये समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. मी त्या दोन महिन्यांत खाडीतही मोटर लावत नाही.

नांगर टाकायचा तर दोरी कयाकच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही. बाजूला बांधली तर ओढ्याने कयाक आडवी होते आणि पाणी तिला दाबून उलटवतं.

घरी आल्यावर

खाडीतून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवा. जोडांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खाऱ्या पाण्याच्या मोटरीला जस्ताचा छोटा तुकडा लावलेला असतो. आधी तो झिजतो, म्हणून मोटर वाचते. निम्मा संपला की बदला. शिशाची बॅटरी त्याच रात्री पूर्ण चार्ज करा. लिथियम महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरलेली ठेवा.

दर दोन-तीन फेऱ्यांनी पंख्याचा नट सोडा, पंखा ओढून काढा आणि मागे बघा. तिथे तुटलेल्या गळाच्या दोराची बारीक रिंगण बसलेली असते. बाहेरून ती दिसत नाही. ती आतल्या रबरी सीलला कापते आणि मग पाणी मोटरीत शिरतं. माझी पहिली मोटर अशाच हातभर दोराने गेली. दोर नखाने उलगडून काढा, शाफ्टच्या आडव्या पिनेला वाक आला आहे का ते पाहा आणि एक जादा पिन व नट डबीत घालून ती डबी बॅटरीच्या खोक्यालाच चिकटवून ठेवा.